शांतवनच्या दारातली ताडपत्री

पगार थोडा आणि चहा फार, असं माझ्या नोकरीचं वर्णन माझी बायको सुशीला करायची, आणि ते अगदी खरं होतं. मी नाशकात पाळक होतो. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू, आणि मंडळी म्हणजे चर्चला येणारी सगळी कुटुंबं. लोकांना वाटतं, या माणसाला रविवारी तासभर बोलायचं आणि उरलेला आठवडा लोळायचं. प्रत्यक्षात रविवार हा आमचा सगळ्यात सोपा दिवस. बाकीचे दिवस सायकल काढायची आणि घरोघर हिंडायचं. कुणाचं बाळंतपण, कुणाची बदली, कुणाचं भाऊबंदकीचं भांडण. देवळाली कॅम्पात एखाद्या हवालदाराच्या घरी गेलं की पेला काठोकाठ भरून चहा. तिथून उठून शेजारी गेलं नाही तर शेजारी रुसणार, म्हणून तिथे पुन्हा चहा. नको म्हटलं तर अपमान, अर्धा ठेवला तर त्याहून मोठा अपमान. त्या वर्षांनी मला दिलेली एकमेव कायमची ठेव म्हणजे आम्लपित्त.

अर्थात चहा हे निमित्त असायचं. कप खाली ठेवला की घरातलं माणूस दाराकडे बघायचं, मुलांना बाहेर पिटाळायचं आणि हलक्या आवाजात बोलायला लागायचं. माणसांचा दुबळेपणा ऐकून घेणं, हेच खरं माझं काम. घोटीच्या एक बाई दर महिन्याला एसटीने यायच्या. ‘पाळकसाहेब, पापाची कबुली द्यायचीय,’ म्हणायच्या आणि तासभर सुनेची पापं सांगायच्या. एकदा मी म्हटलं, ‘बाई, आता तुमचंही एखादं सांगा.’ त्या विचारात पडल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘माझं म्हंजे, मी लय सहन करते, येवढंच.’ मी त्यांच्यासाठीही प्रार्थना केली. काय करणार?

अशा गमतीजमती खूप सांगता येतील. पण नाशिकच्या दिवसांचा विचार करायला बसलं की त्या बाई आठवत नाहीत, शांतवन पगारे आठवतो. आणि मग लिहायचा उत्साह जातो.

शांतवनचं सांगण्याआधी आमच्यातल्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. महिन्यातून एका रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकाच मेजावरून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. कुणी उघडउघड वाईट मार्गाला लागला तर मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे पाच जण, त्याला मेजापासून दूर ठेवत. त्याने मागच्या बाकावर बसायचं आणि भोजन सुरू झालं की सगळ्यांच्या देखत उठून बाहेर जायचं. तो सुधारला अशी खात्री पटली की त्याने पुढे उभं राहून कबुली द्यायची. मग सगळी मंडळी एकेक करून पुढे येई आणि त्याला उजवा हात देई. लहानथोर, गरीब-श्रीमंत, सगळे. सगळ्यांचा हात हातात येऊन गेला की माणूस पुन्हा मेजावर. बाहेर काढण्याची रीत कडक होती, पण आत घेण्याची फार सुंदर होती, हे आजही म्हणेन.

शांतवन टेम्पो चालवायचा. पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं नाही तर कांदा भरायचा आणि नाशकात आणून टाकायचा. धिप्पाड माणूस, पण बोलताना नजर खाली. प्यायला नसेल तेव्हा त्याच्याइतका सज्जन माणूस मंडळीत नव्हता, आणि प्यायला नसेल असे दिवस कमी होत चालले होते. त्याची बायको मार्था बालवाडीत काम करायची. संध्याकाळी तिथून निघाली की ती गुत्त्यासमोरच्या लिंबाखाली जाऊन उभी राहायची. आत जायची नाही, हाका मारायची नाही. तो बाहेर आला की त्याच्या शेजारून घरापर्यंत चालत जायची. गुत्त्यातली माणसं त्याला चिडवायची, ‘शांत्या, तुझी ड्युटीवाली आली रे.’ वडिलांनी त्याला मेजापासून दूर ठेवलं, तेव्हा मार्थाही त्याच्याबरोबर उठून बाहेर जायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग एका पावसाळ्यात शांतवनने दारू सोडली. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. मी रोज त्याच्या घरी जायचो. त्याचे हात थरथरायचे, घाम फुटायचा, कधी भिंतीकडे तोंड करून तो रडायचा. मी औषध देणारा नव्हे. मी नुसता बसायचो आणि मार्थाने केलेला चहा प्यायचो. सात-आठ महिने गेले आणि माणूस उजळून निघाला. टेम्पोच्या मालकाने पुन्हा किल्ली हातात दिली. वडिलांची खात्री पटली. रविवार ठरला.

त्या रविवारच्या उपदेशाचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. मी म्हणालो, आपला प्रभू अरण्यात उपाशी राहिला. सैतान दगडांच्या भाकरी कर म्हणाला, तेव्हा त्याच्याही पोटात आग पडली होती. मोह म्हणजे काय, हे त्याला ऐकून माहीत नाही, अंगावर घेऊन माहीत आहे. तो पडला नाही, पण पडणाऱ्याचे गुडघे कुठे लटपटतात हे तो ओळखतो. म्हणून आपण पडलो की तो वरून बोट दाखवत नाही, शेजारी येऊन बसतो. बायका पदराने डोळे पुसत होत्या. शांतवनने कबुली दिली, दोनच वाक्यं. मग मंडळी उठली आणि एकेक करून उजवा हात द्यायला लागली. तो प्रत्येकाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरत होता. शेवटी तो मेजापाशी आला आणि मी त्याच्या ओठांना प्याला लावला.

त्या संध्याकाळी शांतवन गुत्त्यात सापडला.

मंडळीत एकच बोलणं झालं. प्रभूच्या मेजावरून उठला आणि सरळ गुत्त्यावर गेला. काहींना तर त्याला दिलेला उजवा हात धुवावासा वाटत होता. मीही मनातून फार दुखावलो होतो. दोन दिवसांनी मार्था आली. सुशीलाने पुढे केलेला चहा तिने घेतला नाही, तेव्हाच मी समजलो की काहीतरी मोठं आहे.

‘पाळकसाहेब, रागावू नका,’ ती म्हणाली, ‘पण त्यांना तुमच्या प्याल्यानं पाडलं.’

‘मार्था, काय बोलतेस तू?’

‘खरं तेच बोलते. घरी आले आन पानीच पीत बसले. तांब्यावर तांब्या. म्हनले, मार्था, जिभंवरची चव जाईना. दार लावून घे, मला बाहीर सोडू नको म्हनले. म्या कडी लावली, वर पाटाबी लावला. चार वाजता त्यांनीच काढला.’

आता तुम्हाला आमच्या द्राक्षरसाबद्दल सांगतो. आमची मंडळी दारूच्या कट्टर विरोधातली. लग्नातसुद्धा सरबताच्या पुढे कुणी जायचं नाही. आणि प्रभुभोजनाचा रस आम्ही घरी करायचो. दर हंगामात आढाव गुरुजींच्या घरी काळी द्राक्षं यायची. ती कुस्करून, साखर आणि मूठभर गहू घालून चिनी मातीच्या बरणीत भरायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची. वर्षभर तो रस मुरायचा. मुरायचा म्हणजे काय व्हायचा, हे नाशिकसारख्या द्राक्षांच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. भोजनाच्या दिवशी उरलेला रस संपवायचं काम चर्चची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्याकडे होतं आणि त्या दुपारी तो बाकावर घोरत पडायचा. आम्ही हसून म्हणायचो, दमला बिचारा. त्या रसाला दारू म्हणायचं आमच्या कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो घरचा होता, आणि पवित्र होता.

मी वडिलांची बैठक बोलावली. म्हटलं, मनुका उकळून, कुस्करून, गाळून घेतल्या तर द्राक्षाचाच रस होतो, पण तो चढत नाही. पुष्कळ मंडळ्या तसं करतात. आपणही करू, म्हणजे शांतवनसारख्याला भीती नको.

पाच वडिलांतले आढाव गुरुजी निवृत्त शिक्षक होते. कडक इस्त्रीचा सदरा, कडक बोलणं. त्यांना मी आज खलनायक करणार नाही. ती बरणी त्यांच्या आईची होती. तिला सासर-माहेर दोन्हीकडून हाकलल्यावर याच मंडळीने आसरा दिला होता, आणि तिने मंडळीला काय दिलं, तर दर वर्षी भरलेली बरणी. त्या बरणीला नावं ठेवणं म्हणजे आईला नावं ठेवणं.

‘पाळकसाहेब,’ गुरुजी म्हणाले, ‘ज्याला प्रभूचा प्याला सोसत नाही, त्याचं दुखणं प्याल्यात नाही, त्याच्यात आहे.’

‘दुखणेकऱ्यासाठीच तर प्याला आहे ना, गुरुजी?’

‘एका बेवड्यासाठी सगळ्या मंडळीची रीत बदलायची?’

मी म्हटलं, मग त्याला नुसती भाकरी देऊ. त्यावर दुसरे एक वडील म्हणाले की प्याला टाळणाऱ्याच्या मनात पाप आहे असंच लोक समजतात, उगाच कुजबुज होईल. चौघांचे हात विरुद्ध गेले. पाळकाला मत नसतं, हेही सांगून ठेवतो. रविवारी वडिलांचा निर्णय वाचून दाखवायचं कामही पाळकाचंच. मी तो वाचला: रस तोच राहील, आणि शांतवन पुन्हा मेजापासून दूर. शांतवन आणि मार्था मागच्या बाकावरून उठून बाहेर गेले. त्यानंतर ते आले नाहीत. महिनाभरात त्यांनी नाशिक सोडलं आणि पिंपळगावला एका द्राक्षाच्या पॅकिंग शेडवर शांतवन राखणदार म्हणून लागला.

मी अधूनमधून तिकडे जायचो. शेडच्या मागे पत्र्याची एक खोली होती. एकदा गेलो तेव्हा तो लाकडी खोक्यांना खिळे ठोकत होता. हात स्थिर होते. दोन हंगाम झाले, थेंब घेतला नव्हता. मी म्हटलं, ‘शांतवन, देवाने तुला उभं केलं.’

‘देव तर तवाबी होता, साहेब.’

‘तेव्हा म्हणजे?’

‘मी पीत व्हतो तवा.’ त्याने हातोडी खाली ठेवली. ‘तुमी उपदेशात म्हनायचे, देव रागावतो, देव माफ करतो. मला ते काय कळायचं नाय. मला वाटायचं, देव आमच्या मार्थासारका आसंल. गुत्त्यात येत नाय. हात धरून वढत बी नाय. पन जात बी नाय. बाहीर लिंबाखाली हुबाच ऱ्हातो. तुमी कवाबी बाहीर या, संगं घरापोत येतो.’

मी धर्मशास्त्र शिकलेला माणूस. देवाची करुणा या विषयावर किती उपदेश केले असतील, ते देवालाच माहीत. पण त्यांतल्या एकातही हे लिंबाचं झाड नव्हतं. उठताना त्याने विचारलं, ‘मेजावर कवा येता येईल हो, साहेब?’ मी म्हटलं, ‘प्रयत्न करतोय.’ मी करत होतो. दर वर्षी विषय काढायचो आणि दर वर्षी वडील म्हणायचे, झालंय ना त्यावर बोलणं.

असं करता करता कितीतरी वर्षं गेली, ऐंशी साल मागे पडलं. मग एकदा आढाव गुरुजींच्या पोटात व्रण झाला. डॉक्टरांनी तिखट, आंबट आणि आंबवलेलं सगळं बंद केलं. पुढच्या बैठकीत गुरुजींनीच चाचरत विषय काढला. प्रभुभोजनाच्या रसाचं काय करावं? एक घोटही सोसत नाही हो. सगळ्यांना फार वाईट वाटलं. एक जण म्हणाले, मनुकांचा काढा चालेल की. दुसरे म्हणाले, हो, पुष्कळ ठिकाणी तसंच करतात. आलेला चहा निवायच्या आत ठराव झाला. मला हसूही आलं आणि त्या हसण्याची लाजही वाटली, कारण गुरुजींच्या चेहऱ्यावर खरी वेदना होती. दुखणं प्याल्यात आहे की प्यायच्या माणसात, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. विचारूही नये. मला एवढंच वाटलं की हीच दया इतकी वर्षं आपल्या खिशात होती.

मी लगेच म्हटलं, ‘मग शांतवनला परत घेऊ.’ कुणी नाही म्हणालं नाही. मार्थाचे गुडघे गेले होते, तिला एसटीत चढवत नव्हतं, म्हणून मेजच त्यांच्याकडे न्यायचं ठरलं. रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी दुपारच्या गाडीने पिंपळगावला जायचं, तिथे त्याला उजवा हात द्यायचा, तिथेच भोजन. चर्चमध्ये मी तसं जाहीर केलं. माना डोलल्या. बायकांनी ‘चांगलं केलंत, साहेब’ म्हटलं. एका टेम्पोवाल्याबरोबर मी शांतवनला निरोप धाडला, रविवारी मंडळी येते आहे.

रविवारी सुशीला आणि मी सीबीएसच्या एसटी स्टँडवर उभे राहिलो. तिच्या पिशवीत भाकरी आणि मनुकांच्या रसाची बाटली, माझ्या हातात प्याला, फडक्यात गुंडाळलेला. एक गाडी आम्ही सोडली, म्हटलं येतील. लग्नसराई होती. कुणाकडे पाहुणे होते, कुणाला ऊन बाधत होतं. गुरुजी सकाळीच म्हणाले होते, तब्येत बरी असली तर बघतो. दुसरी गाडी लागली तेव्हा सुशीला म्हणाली, ‘चला आता. तो वाट बघत असेल.’ ओझर जाईपर्यंत मी प्याला मांडीवर धरून बसलो होतो. आमच्या मंडळीतला कुणीही वाईट माणूस नव्हता. प्रत्येकाला वाटलं असणार, बाकीचे जातीलच की.

शेडपाशी पोचलो. शांतवनने खोलीसमोरचं अंगण सारवलं होतं. शेडमधली मोठी ताडपत्री आणून अंथरली होती, चाळीस-पन्नास माणसं सहज बसतील एवढी, आणि ऊन लागू नये म्हणून वर गोणपाटांचा मांडव घातला होता. कडेला तीन दगडांवर भलंमोठं पातेलं चढवलेलं होतं. शेजारच्या वस्तीतून मागून आणलेल्या कपबशा एका खोक्यावर रचल्या होत्या, प्रत्येक वेगळ्या रंगाची. मार्था बाजेवर बसली होती, नव्या साडीत. शांतवन धुवट पांढरा सदरा घालून फाटकापाशी उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं, मग आमच्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

‘बाकीचे मागल्या गाडीनं का?’

मला खोटं बोलता आलं नाही. सुशीला म्हणाली, ‘आम्हीच आलोय, शांतवन.’

‘बरं, बरं. या ना. आवो, ऊन किती हाय, लोकं कशाला येतील येवढ्या उन्हाचं.’ तो आम्हालाच समजावत होता. मग त्याने वाकून ताडपत्रीचं टोक धरलं आणि ती मधोमध दुमडली. थोडं थांबून आणखी एकदा दुमडली. चौघांपुरती राहिली तेव्हा मार्थाला उचलून आणून तिच्यावर बसवलं.

मी प्रार्थना केली. कबुली घेतली नाही. म्हटलं, ती आधीच झालीय. मी त्याला उजवा हात दिला. सुशीलाने दिला. रीतीप्रमाणे घरच्यांनी हात द्यायचा नसतो, तरी मार्थाने बसल्या जागेवरून हात पुढे केला आणि तो त्याने सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवला. मी प्याला पुढे केला. जुन्या धाकाने त्याने आधी वास घेतला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि घोट घेतला. इतक्या वर्षांनी शांतवन मेजावर आला होता, आणि मेजावर आम्ही तिघंच होतो. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडलो.

भोजन झाल्यावर तो उठून चुलीपाशी गेला. पातेल्यावरचं झाकण काढलं, वाफ बाहेर आली. मालकाच्या घरून दूध मागून, आलं ठेचून, सगळ्या मंडळीचा चहा उकळलेला होता. त्याने रचलेल्या कपांतले चारच कप उचलले, भरले, आणि आम्ही प्यायलो. मग तो पुन्हा चहा घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सुशीलाने सवयीने माझ्याकडे पाहिलं, आम्लपित्ताची आठवण करून द्यायला. पण मग तिनेच नजर वळवली.

‘घ्या ना, पाळकसाहेब,’ शांतवन म्हणाला, ‘पुष्कळ हाय.’

मी कप पुढे केला. त्यानंतरही तो जेवढ्या वेळा आला, तेवढ्या वेळा केला.